पारावरचा वाद कागदावर कसा आणायचा

आमच्या वाळवा तालुक्यात उसाचं बिल थकलं की पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो सरकार झोपलंय, दुसरा म्हणतो कारखानदार माजलेत. या भांडणात मी आणि माझा चुलतभाऊ महिनाभर बोललो नव्हतो, अजून वाईट वाटतं.

आवाज चढायच्या आत वजनाची पावती आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवा. तारखा मोजा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) मिळाली पाहिजे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज.

मग साखर आयुक्तालयात माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका, हमखास टाळतात. ‘या हंगामातल्या आरआरसी आदेशांच्या प्रती द्या’ असं लिहा; आरआरसी म्हणजे कारखान्याकडून थकबाकी जप्तीनं वसूल करायचा आदेश. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.