चार आवाजांचं गाणं गिटारच्या टॅबमध्ये उतरवताना या चुका टाळा

मडगावच्या बाजूला एका चॅपलच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या मित्राने नाताळाआधी मला एका स्तोत्राची म्यूझस्कोर (स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर) फाइल पाठवली. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा, सर्वांत वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंतच्या, चार ओळी. "तुझ्याकडे गिटारचा टॅब काढता येतो ना? संध्याकाळपर्यंत दे." मी चारही ओळी उचलून गिटारच्या स्टाफवर, म्हणजे स्वरलेखनाच्या पाच रेघांवर, टाकल्या, खाली टॅबचे, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला पडदा दाबायचा ते सांगणारे, आकडे आपोआप उमटले, प्ले दाबलं तर झकास वाजलं. फाइल दिली पाठवून. रात्री त्याचा फोन आला, "अरे, पहिलाच कॉर्ड धरवत नाहीये. तुझी बोटं केवढी लांब आहेत?"

गिटार माझ्या मांडीवर नव्हती, भिंतीला टेकलेली होती. चूक तिथेच झाली होती.

तो पहिला कॉर्ड बी फ्लॅट मेजरचा होता. टॅबमध्ये तो असा आला होता: पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेवर ६, दुसरीवर ३, चौथीवर ३, पाचवीवर १. कागदावर किती निरागस दिसतं! पण एक बोट पहिल्या पडद्यावर आणि करंगळी सहाव्यावर. क्लासिकल गिटारच्या तारेची लांबी साधारण ६५० मिलिमीटर धरली, तर हे अंतर होतं १५ सेंटिमीटरच्या वर. आता हाच कॉर्ड अर्धा स्वर खाली, ए मेजरमध्ये घ्या. पहिल्या तारेवर ५, दुसरीवर २, चौथीवर २, पाचवी मोकळी. दुसऱ्या पडद्यावर आडवं बोट, पाचव्यावर करंगळी, अंतर सुमारे ९ सेंटिमीटर. काम झालं. मूळ पट्टीतच ऐकू यायला हवं असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी क्लिप) लावा आणि ए मेजरच्याच आकारात वाजवा.

पट्टी न बदलता थेट टॅब काढणं

म्हणून माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती टॅबपर्यंत पोचायच्या आधीच होते. कॉयरच्या प्रती गळ्याच्या सोयीने लिहिलेल्या असतात: बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट. गिटारच्या मोकळ्या तारा, सहावीपासून पहिलीपर्यंत, आहेत ई, ए, डी, जी, बी, ई. खर्जाचा स्वर मोकळ्या तारेवर मिळाला की डावा हात सुटा होतो आणि वरचे तीन आवाज धरायला चारही बोटं उरतात. म्हणून ए, डी, जी, ई मायनर, ए मायनर या पट्ट्या गिटारवाल्यांच्या लाडक्या. बासला सतत खालचा डी लागत असेल, तर सहावी तार एक स्वर उतरवून डी करा. पण ते सॉफ्टवेअरलाही सांगा. वाद्याच्या ट्यूनिंगमध्ये बदल केला नाही, तर सहाव्या तारेचे सगळे आकडे दोन पडद्यांनी चुकतील आणि दोष वाजवणाऱ्याच्या माथी जाईल.

पट्टी बदलायची ती मूळ चार ओळींवरच, टॅब तयार व्हायच्या आधी. टॅबमध्ये कुठला स्वर कुठल्या तारेवर हे नीट लावून झाल्यावर पट्टी बदलली, तर सॉफ्टवेअर सगळे आकडे पुन्हा आपल्या मनाने मांडू शकतं. अर्ध्या रात्रीची मेहनत गेली, असं समजा.

सप्तकाचा घोळ

गिटारचं स्वरलेखन प्रत्यक्ष वाजणाऱ्या सुरापेक्षा एक सप्तक वर लिहितात. म्हणून गिटारच्या ट्रेबल क्लेफखाली (ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हाखाली) बारीकसा ८ असतो. पियानोची किंवा सोप्रानोची ओळ त्यावर चिकटवली की स्वर मूळ उंचीलाच राहतात, पण कागदावर वरच्या रेघांवर चढून बसतात आणि टॅबमध्ये ८, १०, १२ असे आकडे दिसू लागतात.

इथे हमखास केला जाणारा उपाय म्हणजे क्लेफ बदलणं. आठ नसलेला साधा क्लेफ ओढून टाकला की वरची ओळ सुबक दिसते, आपण खूश. खालच्या टॅबवर मात्र आकडा हलत नाही, कारण क्लेफने फक्त लिहिण्याची पद्धत बदलते, सूर नाही. स्वरच खाली आणायचे असतील, तर नोटेशनच्या (स्वरलेखनाच्या) ओळीतले स्वर निवडून कंट्रोल आणि खालचा बाण दाबा, एक सप्तक उतरेल.

आणि इथेच एक सापळा आहे, मी दोनदा पडलोय त्यात. म्यूझस्कोरमध्ये हीच दोन बटणं टॅबच्या ओळीत वेगळं काम करतात: सूर तोच ठेवून स्वर शेजारच्या तारेवर नेतात. कर्सर कुठल्या ओळीत आहे हे न बघता दाबलं, तर सप्तक उतरवायला जाऊन तारा बदलतात, किंवा तार बदलायला जाऊन सूर पडतो. दाबण्याआधी काय निवडलंय ते बघा.

सप्तक उतरवताना बासकडेही लक्ष हवं. गिटारचा सर्वांत खालचा स्वर सहावी मोकळी तार. बासची ओळ आधीच त्याच्या जवळ असेल, तर चारही आवाज सरसकट उतरवता येणार नाहीत.

चार आवाज, चार व्हॉइस

टूल्स मेनूमधलं इम्प्लोड वापरलं की चार स्टाफवरच्या ओळी एका स्टाफवर येतात आणि जास्तीत जास्त चार व्हॉइसमध्ये, म्हणजे एकाच स्टाफवरच्या वेगवेगळ्या थरांत, बसतात. म्यूझस्कोर त्यांना निळा, हिरवा, नारिंगी, जांभळा असे रंग देतं. काम झालं असं वाटतं. पण एका स्टाफवर चार व्हॉइस म्हणजे स्वरांच्या दांड्यांची गर्दी आणि विरामांच्या खुणांचा पाऊस. गिटारसाठी दोन पुरतात: सोप्रानो आणि आल्टो पहिल्यात, दांड्या वर, टेनर आणि बास दुसऱ्यात, दांड्या खाली. उजव्या हाताचा अंगठा खालचा व्हॉइस सांभाळतो, बाकीची बोटं वरचा, म्हणजे कागदावरची मांडणी हाताच्या मांडणीशी जुळते. तिसऱ्या व्हॉइसचे स्वर निवडून दुसऱ्यात पाठवता येतात, फक्त ताल जुळत असला पाहिजे. आल्टो अर्ध्या ठोक्यांत चालतोय आणि सोप्रानो लांब धरलाय अशा जागी तिसरा व्हॉइस ठेवावा लागतो, तो तेवढ्यापुरता ठेवा.

दुसऱ्या व्हॉइसमधले नको असलेले विराम डिलीट करता येतात. पहिल्यातले होत नाहीत, ते निवडून व्ही दाबून लपवा.

टॅबची ओळ नोटेशनला जोडलेली, म्हणजे लिंक्ड स्टाफ म्हणूनच घ्या. स्वतंत्र स्टाफ करून त्यात कॉपी-पेस्ट केलं, तर पुढे वर केलेली दुरुस्ती खाली उतरत नाही आणि आठवड्याने तुमच्याकडे दोन वेगवेगळी गाणी असतात.

एकाच तारेवर दोन स्वर

खरी मजा इथे आहे, म्हणजे त्रासही.

एक छोटी जागा घेऊ. सोप्रानो जी धरून ठेवतोय दोन ठोके. आल्टो त्याच्याखाली पहिल्या ठोक्याला एफ आणि दुसऱ्या ठोक्याला ई. कॉयरमध्ये ही घासून सुटणारी जागा कानाला गोड लागते. टॅबमध्ये पहिल्या ठोक्याला पहिल्या तारेवर ३ आणि दुसरीवर ६ येतं, बरोबर आहे. दुसऱ्या ठोक्याला नवा स्वर एकटा ई. सॉफ्टवेअर त्या क्षणी सुरू होणारे स्वर बघतं आणि बहुतेक वेळा सोपी जागा देतं: पहिली तार, ०. पण त्याच तारेवर जी अजून वाजायचा आहे! वाजवणाऱ्याने आकड्यावर विश्वास ठेवून बोट उचललं की सोप्रानो मध्येच गप्प. संगणकाच्या प्लेबॅकमध्ये हे कळतही नाही, तिथे तारांची बंधनं नसतात, दोन्ही स्वर सुखाने वाजतात.

दुरुस्ती सोपी आहे. टॅबमधला तो ० निवडा, कंट्रोल आणि खालचा बाण. तो दुसऱ्या तारेवर ५ होईल. आता आल्टो दुसऱ्याच तारेवर ६ वरून ५ वर उतरतो आणि जी आपल्या जागी वाजत राहतो. चार आवाजांच्या गाण्यात अशा जागा पानोपानी सापडतात. धरलेला प्रत्येक स्वर संपेपर्यंत त्याच्या तारेवर दुसरा आकडा आलाय का, हे बघत ओळीवरून बोट फिरवणं एवढाच मला माहीत असलेला उपाय. कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा.

याची उलटी बाजू म्हणजे दोन आवाज एकाच सुरावर येणं. सोप्रानो आणि आल्टो दोघेही जी गातायत. गळे दोन असल्यामुळे कॉयरमध्ये अडत नाही. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे दोन स्वर मांडतं: पहिल्या तारेवर ३, दुसरीवर ८. वाजवणारा त्या आठाकडे बघून चक्रावतो. यातला एक स्वर काढून टाका. नोटेशनमध्ये दोन्ही दांड्या दिसायला हव्यात असा आग्रह असेल, तर टॅबमधला आकडा लपवा, पण माझा अनुभव असा की वाजवणाऱ्याला तो आग्रह नसतो.

मिडी फाइलवर भरवसा

कुणी मिडी दिली तर आधी विचारा, म्यूझिकएक्सएमएल (स्वरलेखन साठवणारा फाइलचा प्रकार) मिळेल का. मिडीत कुठला सूर कधी सुरू झाला आणि कधी थांबला एवढंच असतं, कुठल्या तारेवर ते नसतं. आणि गिटारवर एकाच सुराला घरं अनेक. पहिल्या मोकळ्या तारेचा ई घ्या: तोच दुसऱ्या तारेवर ५, तिसरीवर ९, चौथीवर १४, पाचवीवर १९. यातलं कोणतं घर, हे सॉफ्टवेअरला अंदाजानेच ठरवावं लागतं. म्यूझिकएक्सएमएलमध्ये तार आणि पडदा नोंदवायची सोय असते, तिथे आधीच्या माणसाची मेहनत वाचते. शिवाय हाताने वाजवून रेकॉर्ड केलेल्या मिडीत स्वर एकमेकांवर किंचित चढलेले असतात, त्यातून चौसष्टांश विरामांचं जे जंगल उगवतं ते साफ करण्यापेक्षा ओळ नव्याने टाइप करणं लवकर होतं.

काय गाळायचं ते न ठरवणं

चारही आवाज पूर्ण ठेवायचेच, हा हट्ट बहुतेकांचा असतो. माझाही होता. पण हे काम काही आजचं नाही. सोळाव्या शतकात इटलीत अनेक आवाजांची गाणी ल्यूटवर (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) उतरवणं हा मोठा उद्योग होता. ल्यूटच्या टॅबचं छापील पुस्तक व्हेनिसमध्ये १५०७ सालीच निघालं होतं. पुढे विन्चेन्झो गॅलिली (खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील) यांनी १५६८ साली 'फ्रोनिमो' हा ग्रंथ याच कामावर, संवादाच्या रूपात लिहिला. गाणाऱ्यांची बहुस्वरी रचना सहा तारांच्या जोड्यांवर कशी बसवायची, हा तेव्हाही पुस्तकभर बोलण्याचा विषय होता. आपल्याला एका बटणाने सुटेल असं का वाटावं?

माझा क्रम असा. सोप्रानो आणि बास राखायचे, कारण कान त्या दोन कडा पकडतो. साध्या तीन सुरांच्या कॉर्डमध्ये चार आवाज म्हणजे एक सूर दोनदा आलेला असतो. तो मधल्या आवाजात असेल तर आधी तो जाऊ दे. कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजलेला पाचवा सूरही जाऊ शकतो. तिसरा सूर मात्र काढू नका, मेजर की मायनर हे त्यावरूनच कळतं. आल्टो किंवा टेनर जिथे स्वतःची चाल चालतोय तिथे ती चाल ठेवा आणि आजूबाजूचे थांबलेले स्वर हलके करा.

जाता जाता

म्यूझस्कोरमध्ये टॅबची शैली निवडताना 'सिंपल' घेतली, तर दांड्या दिसत नाहीत. वर नोटेशन असेल तर ठीक, पण नुसता टॅब छापणार असाल, तर दोन आवाजांचा ताल कुणालाच कळणार नाही, 'फुल' घ्या. लिलीपाँड (स्वर मजकूर म्हणून टाइप करायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना असं वाटतं की आपण सुटलो, पण तिथे प्रत्येक व्हॉइस आपापली तार निवडतो आणि दोघांनी एकच निवडली की आकडे एकमेकांवर छापले जातात. कॉर्डमधल्या स्वरांना तारेचा क्रमांक स्वतः लिहिणं तिथे टळत नाही.

त्या स्तोत्राचा दुसरा टॅब मी ए मेजरमध्ये, कॅपो लावून दिला. या वेळी प्रत्येक ओळ आधी गिटारवर संथ वाजवली, प्लेबॅक बंद ठेवून. जिथे हात अडला तिथे पेन्सिलीने गोल केला आणि गोल संपेपर्यंत फाइल पाठवली नाही. एकोणीस गोल झाले होते, त्यातले अकरा त्या धरलेल्या स्वरांचे.