अँटी-डिटेक्ट ब्राउझर वापरून पाहताना

सोशल मीडिया सांभाळण्याच्या कामात नवे असाल तर लॉगिन-लॉगआउटने जीव मेटाकुटीला येतो. एका क्लायंटच्या खात्यातून बाहेर पडायचं, दुसऱ्याच्या खात्यात शिरायचं, आणि याची पोस्ट त्याच्या पेजवर गेली नाही ना, हे सतत तपासत बसायचं. अशा वेळी कुणीतरी अँटी-डिटेक्ट ब्राउझर सुचवतंच, म्हणजे एकाच मशीनवरचं प्रत्येक खातं वेगळ्या मशीनवरून उघडल्यासारखं दाखवणारा ब्राउझर. मलाही सुचवला गेला, म्हणून वापरून पाहिला.

खाती वेगळी ठेवायचं काम क्रोमचं साधं प्रोफाइलही करतं. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकीज, म्हणजे वेबसाइटने लॉगिन लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, स्वतंत्र असतात. पण कुकीज पुसल्या तरी मशीन ओळखता येतं. वेबसाइट आपल्या नकळत पानाच्या आत एक छोटं चित्र काढून घेते. ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि फॉन्ट यांमुळे त्या चित्राच्या पिक्सेलमध्ये मशीनगणिक बारीक फरक पडतो. त्यात स्क्रीनचा आकार, टाइमझोन, भाषा मिळवली की ब्राउझरचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट तयार. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली हे तपासलं, तेव्हा नमुन्यातल्या ८३.६ टक्के ब्राउझरचा ठसा इतर कुणाशीच जुळला नाही. मल्टिलॉगिन, गोलॉगिन, अ‍ॅड्सपॉवर यांसारखी साधनं प्रत्येक प्रोफाइलला असा वेगळा ठसा देतात. ओळख लपवून वेब वापरण्यासाठी असलेल्या टॉर ब्राउझरचा मार्ग बरोबर उलटा: तिथे सगळ्यांचे ठसे शक्य तितके सारखे दिसावेत अशी खटपट असते.

नवीन प्रोफाइल उघडलं की सेटिंग्जचा ढीग समोर येतो आणि हात शिवशिवतात. आवरा. मी मुद्दाम एक प्रयोग केला. मॅकवर प्रोफाइल बनवून ऑपरेटिंग सिस्टिम विंडोज निवडली, वेबजीएलची माहिती, म्हणजे ब्राउझर वेबसाइटला सांगतो ती ग्राफिक्स चिपची ओळख, मात्र खरीच राहू दिली. मग ठसा दाखवणारी एक साइट उघडली. वरच्या ओळीत विंडोज, आणि खाली ग्राफिक्सच्या रकान्यात चक्क अ‍ॅपलची चिप! असं मशीन जगात नसतं. असली विसंगती पकडायला फार हुशार यंत्रणा लागत नाही. त्यापेक्षा साधा ब्राउझर कमी नजरेत भरतो. म्हणून साधनाने जुळवून दिलेला ठसा तसाच ठेवावा, आणि ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या मशीनचीच निवडावी.

प्रॉक्सीचंही, म्हणजे आपल्या आयपीऐवजी (इंटरनेटवरच्या पत्त्याऐवजी) दुसरा आयपी दाखवणाऱ्या मधल्या सर्व्हरचंही, तेच. आयपी एका देशाचा आणि टाइमझोन दुसऱ्याचा, हे लगेच दिसतं. वेबआरटीसीतून, म्हणजे ब्राउझरमधल्या ऑडिओ-व्हिडिओ कॉलच्या सोयीतून, खरा आयपी गळतो का, तेही बघावं. डेटासेंटरचे आयपी स्वस्त असतात पण चटकन ओळखू येतात. घरगुती इंटरनेट जोडण्यांचे आयपी महाग, आणि ते कुठून आले हे विचारायला हवं. ९११ एस५ नावाची प्रॉक्सी सेवा मालवेअर घुसवलेल्या लोकांच्या संगणकांवर चालत होती. अमेरिकी तपासयंत्रणांनी २०२४ मध्ये ते जाळं मोडलं. क्लायंटचं लॉगिन असल्या वाटेने न्यायचं का, याचा विचार करा.

मला सर्वात खटकलेली गोष्ट वेगळीच. टीममध्ये प्रोफाइल वाटून घेता येतं, ही या साधनांची मोठी सोय. पण त्यासाठी चालू लॉगिनच्या कुकीज साधन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवाव्या लागतात. कुकी ज्याच्या हाती, त्याला बऱ्याचदा पासवर्डही लागत नाही. बँक किंवा क्रिप्टो वॉलेट तर अशा प्रोफाइलमध्ये उघडूच नये. जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅड्सपॉवरवरच्या हल्ल्यात वॉलेटची एक्स्टेन्शन बदलली गेली आणि वापरणाऱ्यांचे पैसे गेले.

एवढं करूनही मला रोजच्या कामात त्याची गरज पडत नाही. फेसबुक पेजवर क्लायंट आपल्याला थेट अ‍ॅक्सेस देऊ शकतो, गूगल अ‍ॅड्समध्ये अनेक क्लायंटची खाती एकत्र सांभाळणारं मॅनेजर अकाउंट असतं, आणि उरलेल्या खात्यांना फायरफॉक्सचे मल्टी-अकाउंट कंटेनर, म्हणजे एकाच ब्राउझरमध्ये कुकीज वेगळ्या ठेवणारे टॅब, पुरतात. वेगळ्या प्रदेशातून जाहिरात कशी दिसते किंवा आपलीच साइट वेगवेगळ्या ब्राउझरना कशी वागवते, हे तपासायला मात्र हे साधन खरंच कामाचं आहे. बंद झालेलं खातं मागच्या दाराने चालवायला किंवा खोटे रिव्ह्यू टाकायला ते मागणारा क्लायंट भेटला, तर काम सोडा. फेसबुकच्या नियमात एका माणसाला एकच वैयक्तिक खातं बसतं. खाती उडाली की खापर तुमच्यावर फुटणार.

आणखी एक, काम संपतानाचं. रीतसर अ‍ॅक्सेस असेल तर क्लायंट तो काढून घेतो आणि विषय मिटतो. प्रोफाइलमधून थेट लॉगिन केलेलं असेल तर पासवर्ड बदला, सगळी सेशन बंद करा, ओटीपी कुणाच्या फोनवर जातो ते बघा, आणि प्रोफाइल सर्व्हरवरून पुसल्याचं क्लायंटला लेखी कळवा.