तक्ता नको, मालिओबोरोची पाटी घ्या: जावानीज लिपी ॲपवर शिकवताना

इंडोनेशियात जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरातले गाईड, हॉटेलवाले, बेचक म्हणजे सायकलरिक्षा चालवणारे, यांना मोबाईलवर जावानीज लिपी शिकवायची असेल तर २० अक्षरांचा तक्ता पहिल्याच स्क्रीनवर टाकू नका. बऱ्याच जणांनी तो शाळेत घोकलाय, ह न च र क, द त स व ल करत, आणि वापर नाही म्हणून विसरलेत, परत तोच दिसला की ॲप बंद.

पाटीपासून सुरू करा. मालिओबोरो, म्हणजे तिथला गजबजलेला मुख्य रस्ता, रोज डोळ्यासमोर असतं, लिपीत ते मलियबर लिहितात, कारण अक्षरातला 'अ' तिकडे बऱ्याचदा 'ऑ' होतो. पाच अक्षरं, 'ल'च्या डोक्यावर इकाराचा छोटा गोल (वुलु), झाला पहिला धडा. पाटीचा फोटो द्या, अक्षराला टच केलं की आवाज आला पाहिजे, आणि तो आवाज तिथल्याच माणसाचा हवा. धडा पाच मिनिटांचा, नेट नसतानाही चालणारा, कारण गिऱ्हाईक आलं की फोन खिशात जाणार.

ॲप बनवणारा मराठी असेल तर अर्धं काम सोपं आहे, ही लिपी ब्राह्मीच्याच घरातली, पल्लव आणि कावी या जुन्या लिप्यांमार्गे आलेली. पांगकोन म्हणजे आपला हलन्त, चेचक अनुस्वारासारखा पण आवाज 'ङ्'. लायर दिसायला रफारासारखा डोक्यावर, पण इथे हमखास चूक होते: आपला रफार पुढच्या अक्षरावर बसतो, लायर मात्र ज्याच्यानंतर 'र्' बोलायचा त्याच अक्षरावर. रोमनमधलं dha बघून 'ध' समजू नका, तो 'ड' आहे, आणि tha म्हणजे 'ट'.

पासांगन, म्हणजे जोडाक्षरं, सगळ्यात अवघड. ती एकदम सगळी देऊ नका, आजूबाजूच्या पाट्यांवर जी आहेत तेवढीच आधी. शब्दांत मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे लांब ओळ घ्यायची घाई नको.

लिपी युनिकोडमध्ये २००९ पासून आहे, तरी जुन्या फोनवर अक्षरांऐवजी चौकोन दिसू शकतात, म्हणून नोटो सान्स जावानीज फॉन्ट ॲपमध्येच टाका.

जावाच्या दंतकथेतल्या अजी साकाची गोष्ट मात्र नक्की ठेवा, मला हा भाग सगळ्यात आवडतो. ही वर्णमालाच एक गोष्ट सांगते: त्याचे दोन दूत होते, त्यांचं भांडण झालं, दोघंही सारखेच बलवान, दोघंही मेले. गाईडला ही चार वाक्यं आणि समोरची पाटी दोन्ही जमली की पर्यटक तिथेच थांबून ऐकतो.