‘हा शॉट मी मुद्दाम ठेवला’ : जुन्या मालिकेवर खोटी डायरेक्टर्स कॉमेंट्री कशी करायची

डीव्हीडीच्या जमान्यात ज्यांनी कधी मेनूत शिरून कॉमेंट्रीचा ट्रॅक लावलाय त्यांना तो आवाज बरोबर आठवेल. पिक्चर चालू असतो आणि त्याच्यावर एक गृहस्थ, बहुधा दिग्दर्शकच, निवांत टेकून बोलत असतात, की इथे आम्ही चार तास उजेडाची वाट बघितली, ही मुलगी फार धीराची, आणि तो दरवाजा बघा, तो दरवाजा म्हणजे खरं तर तिचं बालपण आहे. या प्रकाराची सुरुवात १९८४ ची, क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने किंग काँगची लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) काढली तेव्हाची, आणि गंमत म्हणजे तिच्यावर बोलणारा रोनाल्ड हेव्हर हा चित्रपटांचा अभ्यासक होता, दिग्दर्शक नव्हताच. पुढे डीव्हीडी आल्या, डिस्कवर जागा उरायला लागली आणि मग दिसेल त्याला माईकसमोर बसवलं गेलं.

त्याची टर उडवायचं काम रॉब ब्रायडन या वेल्श नटाने २००४ साली ब्रिटनच्या आयटीव्हीवर केलं. कार्यक्रमाचं नावच डायरेक्टर्स कॉमेंट्री. पीटर डी लेन नावाचा एक काल्पनिक ज्येष्ठ दिग्दर्शक, समोर खऱ्याखुऱ्या जुन्या मालिकांचे तुकडे, आणि ते सगळं आपणच घडवलं अशा थाटात त्याचं अखंड बोलणं. म्हटलं तर खर्च काहीच नाही, एक आवाज आणि जुनं फुटेज. म्हणूनच हे घरबसल्या करून बघण्यासारखं आहे, आणि म्हणूनच दहातले नऊ जण ते चुकीचं करतात (मीसुद्धा केलं, सांगतो पुढे).

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जुन्या मालिकेला हसायचं नाहीये. तो वेगळा खेळ, अमेरिकेत १९८८ पासून मिस्टरी सायन्स थिएटर ३००० या टीव्ही कार्यक्रमाने तो झकास खेळला, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बसलेल्या सावल्या टुकार सिनेमाची साल काढतात. तिथे बोलणारा सिनेमापेक्षा हुशार असतो. आपल्या खेळात तो सिनेमापेक्षा मठ्ठ हवा, त्याला समोरचं सगळं महान वाटतं, आणि प्रेक्षकाला मात्र स्वच्छ दिसत असतं की हा काय बोलतोय आणि चित्रात काय चाललंय. ब्रायडनचा त्याच्या आधीचा मॅरियन अँड जेफ आठवा, २००० साली बीबीसी टूवर आलेला, त्यात टॅक्सी ड्रायव्हर कीथ गाडीत एकटा बसून कॅमेऱ्याशी गप्पा मारतो आणि आपला संसार कसा मोडलाय हे त्याच्या बोलण्यातून आपल्याला कळतं, त्याला नाही. तीच किल्ली इथेही लागते.

आता मालिका निवडायची. आधीच विनोदी असलेली अजिबात घेऊ नका, मागून रेकॉर्ड केलेलं हसू येतं आणि तुमचा माणूस त्याच्यात बुडतो. फार गाजलेला भागही नको, लोक तोच बघत बसतात. गंभीर, संथ, जिच्यात माणसं खोलीत येतात, टोपी काढतात, खिडकीपाशी जातात आणि पाठमोरी उभी राहून बोलतात अशी मालिका म्हणजे सोनं. ब्रिटनच्या १९७० च्या दशकातल्या मालिकांमध्ये तर माल भरून पडलाय. त्या काळी घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओटेपवर व्हायचे आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर, त्यामुळे माणूस दारातून बागेत गेला की आख्खं चित्रच बदलतं, आत सगळं गुळगुळीत लख्ख आणि बाहेर एकदम दाणेदार, मळकट. खरं कारण निव्वळ यंत्रांचं आणि पैशाचं. पण आपल्या साहेबांना, म्हणजे या खोट्या दिग्दर्शकाला, विचारा! ‘बघा, ती घर सोडते तेव्हा तिच्या आयुष्याचा पोतच बदलतो. यावरून माझी चॅनेलशी तीन आठवडे बोलाचाली नव्हती.’ आणि लगेच पुढच्या सीनमध्ये पोस्टमन दारात येतो, आत पाऊल टाकतो आणि त्याच्याही आयुष्याचा पोत बदलतो. त्यावर साहेब गप्प.

दुसरा खजिना म्हणजे वेस्टर्न, घोडे आणि काउबॉयवाल्या अमेरिकन मालिका. बोनान्झा घ्या, १९५९ ते १९७३, ४३१ भाग. त्यातला बाप लॉर्न ग्रीन १९१५ चा आणि मोठा मुलगा झालेला पर्नेल रॉबर्ट्स १९२८ चा, म्हणजे बाप लेकापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. शिवाय हे बापलेक, म्हणजे कार्टराइट मंडळी, बहुतेक वेळा त्याच त्या कपड्यांत दिसतात, कारण घोडदौडीचं जुनं चित्रण परत वापरायचं तर कपडे जुळायला नकोत का. आता या दोन गोष्टी कॉमेंट्रीत खऱ्या कारणासकट सांगितल्या तर ती माहिती झाली. आपल्या माणसाने म्हणायचं, ‘मी पहिल्या दिवशीच सांगितलं, सद्गुणी माणूस कपडे बदलत नाही.’ खरी माहिती तुम्हाला असली पाहिजे, त्याला नसली पाहिजे, अभ्यास करायचा तो एवढ्यासाठी.

निवडलेला भाग आवाज बंद करून दोनदा बघा. कागद घेऊन टाइमकोड लिहा, मिनिट आणि सेकंद, आणि पुढे फक्त काय दिसतं ते. दार आपटलं, भिंत हलली. बूम माईकची (लांब दांडीवरच्या माईकची) सावली तिच्या कपाळावर. नोकर आत येतो, काही न करता परत जातो. कुणीतरी वाक्य विसरलं आणि चहाचा घोट घेतला. तेव्हा टेपचं एडिटिंग किचकट आणि महाग पडायचं, म्हणून लांबलचक सीन सलग उरकायचे आणि बारीकसारीक चुका तशाच राहायच्या, त्यामुळे पंचवीस मिनिटांच्या भागात तुम्हाला अशा जागा भरपूर सापडतील. जोक एकही लिहायचा नाही अजून.

मग माणूस तयार करा. इथे घाई करू नका, कारण कॉमेंट्री मालिकेवर नसते, माणसावर असते. त्याला एक जुनं दुखणं हवं (बक्षीस हुकलं, बायको वेशभूषा खात्यातल्या कुणाबरोबर गेली, दुसऱ्या सीझनला बोलावलं नाही), एक खोटं हवं जे तो इतकी वर्षं सांगत आलाय, आणि एक शब्द हवा जो तो जिथेतिथे ठोकतो. ‘धाडसी’ म्हणा. माणूस सूप पितोय, धाडसी. सर्वनामांकडेही लक्ष ठेवा, मला तर सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला. सीन चांगला असला की ‘मी’, बरा असला की ‘आम्ही’, फसला की ‘चॅनेल’. नुसतं एवढं पाळलं तरी अर्धा माणूस उभा राहतो.

एक पथ्य मात्र पाळा. पडद्यावर दिसणारी नटमंडळी खरी माणसं आहेत, त्यांच्या तोंडी किंवा चारित्र्यावर काहीबाही चिकटवू नका, दारू प्यायचा वगैरे. भांडणं करायची ती न दिसणाऱ्यांशी, म्हणजे जेवणवाला, हॉटेल, घोड्याचा एजंट, आणि लाकूड पुरवणारा, ज्याच्यामुळे भिंत हलली.

लिहिताना क्रम महत्त्वाचा. आधी दावा, मग चित्र, मग साहेबांना पत्ताच नसणं. ‘इथे मला शांतता हवी होती. मी युनिटला सांगितलं, पानसुद्धा हलता कामा नये.’ पडद्यावर दार धाडकन आपटतं, भिंत हलते, भिंतीवरची ताटली हलते. दोन सेकंद जाऊ द्या. ‘आणि त्यांनी ती दिली.’ उलटं केलंत, म्हणजे भिंत हलल्यावर तिच्यावर कोटी केलीत, की तुम्ही त्या सावल्यांच्या खेळात गेलात.

खऱ्या कॉमेंट्र्या पण ऐका, भरपूर, कारण त्यांच्या सवयीच उचलायच्यात. माणूस जे दिसतंय तेच सांगतो, ‘आता ती पत्र वाचतेय.’ त्या दिवशीच्या जेवणाबद्दल बोलता बोलता आख्खा मृत्यूचा सीन निघून जातो. सगळ्यांना ‘फार गोड माणूस’ म्हणतो आणि नाव आठवत नाही. मध्येच स्वतःच बघण्यात रमतो आणि बोलायचंच विसरतो, आणि भानावर येतो तो ‘हां’ म्हणून. मृत्यूचा सीन चालू असताना सँडविचच्या गोष्टीत अडकलेला माणूस, यात लिहायला काही नाहीये, फक्त नेमकं कुठे ठेवायचं ते कळलं पाहिजे.

आता माझी चूक. पहिल्या प्रयत्नात मी बारा मिनिटांच्या तुकड्यावर बारा मिनिटं बोललो, दर ओळीला कोटी, आणि मित्राला ऐकवलं तर त्याने चौथ्या मिनिटाला हेडफोन काढून टेबलावर ठेवला, काही बोलला नाही. नंतर लक्षात आलं की मूळ मालिका ऐकूच येत नव्हती. मूळ संवाद थोडे तरी कानावर पडायला हवेत, नाहीतर खोटं पडणार कसं. आता मी जेमतेम अर्ध्या वेळेपुरतंच बोलणं लिहितो, बाकी जागा चित्राची, आणि तुकडा आठ-दहा मिनिटांच्या वर नेत नाही.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी बसा, घुमणं बंद होतं. माईक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला. मालिकेचा आवाज हेडफोनमध्येच, स्पीकर लावलात तर तो माईकमध्ये शिरतो आणि मग मिक्सिंगला बसल्यावर स्वतःलाच शिव्या घालाल. चित्र बघत बघत बोला, सगळं सलग, कागद वाचू नका. मुद्दे चिकटवून ठेवा फक्त, कारण वाचलेलं लगेच कळतं. खुर्ची करकरली, पाण्याचा घोट घेतला, राहू दे की. आवाज चढवू नका, विनोदी आवाज तर काढूच नका, या माणसाने आयुष्यात कधी जोक केलेला नाही.

मिक्स करताना साहेब बोलत असताना मूळ आवाज बारा-पंधरा डेसिबलने खाली न्या आणि ते थांबले की हळूहळू वर आणा. एकदम वर आणलात तर कानाला झटका बसतो आणि ती दोन सेकंदांची शांतता वाया जाते.

हक्कांचा प्रश्न येतोच. ब्रिटनच्या कॉपीराइट कायद्यात १ ऑक्टोबर २०१४ पासून विडंबनाला सवलत आहे, पण ती रास्त वापरापुरतीच, म्हणजे आख्खा भाग उचलून वर चार वाक्यं टाकलीत तर ती टिकेलच असं धरून चालू नका. लहान तुकडे वापरा. नाहीतर नुसता आवाजाचा ट्रॅक द्या, चित्र ज्याने त्याने आपल्याकडच्या डिस्कवर लावायचं, अमेरिकेत सिनेमांवरच्या चेष्टेच्या कॉमेंट्र्या विकणाऱ्या रिफट्रॅक्सने २००६ पासून हाच मार्ग धरला. त्यात जुळवणीची खूण द्यावी लागते, ‘शीर्षकाचं शेवटचं अक्षर गेलं की माझा बीप ऐका’ वगैरे. आणि एक सापळा आहे बरं का, फिल्मवर केलेल्या अमेरिकन मालिका सेकंदाला २४ फ्रेमच्या, पण युरोपातल्या पाल (तिथली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर त्या २५ ने पळतात, म्हणजे पन्नास मिनिटांचा भाग अठ्ठेचाळीस मिनिटांत संपतो. तुमचा ट्रॅक एका आवृत्तीवर बनवलेला आणि ऐकणाऱ्याकडे दुसरी असेल तर भिंत हलून गेल्यावर साहेब शांततेची गोष्ट सुरू करतील. कोणत्या आवृत्तीवर बनवलंय ते आधीच सांगून टाका.

शेवटी श्रेयनामावली. ती लावा, कापू नका, कारण तिथे खऱ्या दिग्दर्शकाचं नाव येणार आहे, आणि आपले साहेब तोवर वीस वेळा ‘मी’ म्हणून झालेले असतात. बरेच जण इथे स्पष्टीकरण लिहितात, टोपणनाव होतं, संघटनेचा वाद होता, आणि सगळा मजा घालवतात. मी एवढंच करतो, ते नाव वर सरकायला लागलं की साहेबांना खोकल्याची उबळ येते. नाव पडद्यावरून गेलं की थांबते. ‘माफ करा. हां, संगीत ऐका आता, हे मीच सुचवलं होतं.’