मोसंबी-डाळिंबाची सँग्रिया घरी कशी करावी

मराठवाड्यात 'आज बसायचं का?' असं कुणी विचारलं की डोळ्यासमोर येतो तो ढाबा, शेंगदाण्याची ताटली आणि व्हिस्की नाहीतर बियर. वाइनची आठवण सहसा कुणाला होत नाही. चुकून घरात बाटली आलीच, तर पहिल्या घोटाला 'तुरट आहे राव' म्हणून ती फ्रीजच्या दारात महिनाभर पडून राहते. तुरटपणाची ही तक्रार खरीच आहे, पण त्यावर उपाय आपल्याकडच्या फळांमध्येच आहे. वाइनमध्ये फळं मुरवून, थंड करून, सोडा घालून प्यायचं हे पेय स्पेन-पोर्तुगालचं. तिकडे त्याला सँग्रिया म्हणतात. युरोपीय संघाच्या २०१४च्या नियमानुसार या दोन देशांबाहेर तयार झालेल्या बाटलीवर नुसतं 'सँग्रिया' असं नाव टाकून ती तिथे विकता येत नाही. आपल्याला बाटली विकायची नाही, तेव्हा घरी खुशाल सँग्रिया म्हणा.

करायला सोपं आहे. गॅस लागतो तो फक्त पाक करायला. अडतं ते मोसंबीपाशी, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

आधी दोन कायद्याच्या गोष्टी. वाइन दारू आहे की नाही यावर २०२२ साली, सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या निर्णयावरून, राज्यभर भरपूर वाद झाला. दारूबंदी कायद्याच्या लेखी मात्र तीही मद्यच, त्यामुळे परवाना लागतो. वर्षाचा किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो, एका दिवसाचा परवाना दुकानातच फाडून देतात. एकवीस वर्षांखालच्या कुणाला देऊ नका. दुसरी गोष्ट, इथे आपण तयार वाइनमध्ये फळं घालणार आहोत. बरणीत द्राक्षं, साखर आणि यीस्ट घालून घरी वाइन 'पाडणं' हा परवान्याशिवाय गुन्हा ठरतो. शिवाय आंबणाऱ्या रसाला घट्ट झाकण लावलं तर आतल्या वायूने बरणी फुटून काचा घरभर होतात. त्या वाटेला जाऊच नका.

सहा ग्लासांसाठी लागणारं सामान

रेड वाइन एक बाटली, ७५० मिली
मोसंबी तीन
डाळिंब एक मोठं
सफरचंद एक
लिंबू एक
साखर तीन मोठे चमचे
दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा
साधा सोडा ३०० मिली
काळी द्राक्षं मूठ-दोन मुठी

वाइन कोणती घ्यावी? महाग घेऊ नका. फळं, साखर आणि लिंबू घातल्यावर उंची वाइनची नजाकत कुणाच्याच जिभेला कळत नाही. नाशिक नाहीतर अकलूजकडची साधी शिराझ किंवा कॅबरने पुष्कळ झाली. बाटलीवर 'पोर्ट' लिहिलेलं असेल तर थांबा. आपल्याकडे त्या नावाने मिळणारी वाइन मुळातच चांगली गोड असते. तीच आणली असेल तर पाक घालूच नका आणि लिंबू दोन घ्या.

भांडं कोणतं, हेही महत्त्वाचं. हल्ली घरोघरी तांब्याचा जग असतो आणि दिसतोही छान, पण त्यात वाइन ओतू नका. वाइन आंबट, वर लिंबू. तांबं, बिनकल्हईचं पितळ आणि अॅल्युमिनियम या तिन्हींशी आंबटाचं वैर आहे. चवीला धातू उतरतो आणि पोटालाही ते बरं नाही. काचेची मोठी बरणी उत्तम. नसेल तर स्टीलचं झाकणाचं पातेलं चालेल.

आदल्या रात्री

साखर, तेवढंच पाणी आणि दालचिनी एका छोट्या भांड्यात उकळा. साखर विरघळली की गॅस बंद. तार वगैरे यायची गरज नाही. पाक पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम पाक ओतला की वाइनचा वास उडून जातो. साखरेऐवजी गूळ घालायचा मोह होईल. चवीला तो वाईट लागत नाही, पण रंग गढूळ होतो आणि काचेच्या ग्लासात ते उसाच्या रसाच्या तळासारखं दिसतं.

डाळिंब सोलून दाणे दोन वाट्यांत निम्मे-निम्मे करा. एका वाटीतले दाणे तसेच ठेवा. दुसरे मिक्सरमध्ये नुसते एकदा फिरवा, एकच झटका, आणि गाळून घ्या. जास्त फिरवलं तर बिया भरडल्या जातात आणि त्यांचा तुरटपणा रसात उतरतो. वाइनमध्ये तुरटपणा आधीच आहे, त्यात आणखी भर नको. साधारण १०० मिली रस मिळायला हवा. सफरचंद सालासकट बोराएवढ्या फोडी करून घ्या.

आता बरणीत वाइन, गार झालेला पाक, डाळिंबाचा रस, दाणे आणि सफरचंद घालून एकदा हलवा. झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. मोसंबी अजून घालायची नाही, लिंबूही नाही. द्राक्षं धुऊन, पुसून, देठं काढून एका डब्यात सुटी-सुटी पसरा आणि डबा फ्रीझरमध्ये सरकवा.

मोसंबीचं काम, दुसऱ्या दिवशी

जालना, पैठण, पाचोड या पट्ट्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे सांगायला नको: मोसंबीचा रस काढला की लगेच प्यायचा. सकाळी काढलेला रस दुपारी कडवट लागतो. लोक बर्फाला, गाड्यावरच्या यंत्राला, नाहीतर रसवाल्याला दोष देतात. खरं कारण फळातच आहे. मोसंबीच्या गरात एक बिनचवीचं द्रव्य असतं. रस काढताना पेशी फुटतात, ते द्रव्य रसातल्या आम्लाच्या संपर्कात येतं आणि त्याचं हळूहळू लिमोनिन होतं. लिमोनिन चांगलंच कडू. थंडीत ही क्रिया मंदावते, थांबत मात्र नाही. बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात हा कडूपणा आणखी जास्त. वाइन स्वतःच आम्ल असल्यामुळे रात्रभर तिच्यात बुडवलेली मोसंबीही कडवटते. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृती संत्र्यासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यात सालासकट चकत्या रात्रभर ठेवायला सांगतात. मोसंबीला ती रीत लावू नका.

म्हणून मोसंबी सगळ्यात शेवटी, प्यायच्या दीड-दोन तास आधी. फळ निवडताना रंगाकडे फार बघू नका. आपल्याकडची मोसंबी पिकली तरी हिरवट-पिवळी राहू शकते. हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड आणि सालीला तुकतुकी असलेली रसाळ निघते. जाड, खडबडीत सालीची हलकी मोसंबी आतून पोचट असते. आंबे बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची उन्हाळा लागता लागता. म्हणजे थंड प्यावंसं वाटेल त्या दिवसांत मोसंबी हाताशी असते.

तीनपैकी दोन मोसंब्या घ्या. वरचा आणि खालचा टवका उडवून फळ पाटावर उभं करा. धारदार सुरीने साल वरून खाली उतरवत जा, अशी की पांढरा पापुद्राही तिच्याबरोबर निघून येईल आणि ओला, पारदर्शक गर उघडा पडेल. थोडा गर सालीबरोबर गेला तरी जाऊ द्या, तिथे काटकसर केली की कडूपणा राहतो. मग आडव्या, अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या करा आणि सुरीच्या टोकाने एकेक बी उचलून काढा. या चकत्या अलगद बरणीत सोडा आणि बरणी परत फ्रीजमध्ये ठेवा.

तिसरी मोसंबी अगदी पाहुणे आल्यावर पिळायची. दाबून शेवटचा थेंब काढायच्या नादाला लागू नका, पापुद्रा चेपला की पुन्हा तेच. ७०-८० मिली रस पुरे. त्यातच लिंबू पिळा. लिंबू का, तर मोसंबीत गोडी भरपूर आणि आंबटपणा नावाला. लिंबाशिवाय हे पेय आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेल्या रसाच्या वळणावर जातं. चव बघून लिंबू कमी-जास्त करा.

ग्लासात

बरणीत मोसंबी-लिंबाचा रस ओतून एकदाच, हळू हलवा. प्रत्येक ग्लासात चार-पाच गोठलेली द्राक्षं टाका. बर्फाचं काम तीच करतात आणि वितळून पेय पाणचट करत नाहीत. मे महिन्यात कूलरच्या हवेत बसून साधा बर्फ टाकला तर ग्लास अर्धा होईस्तोवर निम्मं पाणी झालेलं असतं. पळीने फळं वाढा, वरून वाइन ओता आणि सोडा सगळ्यात शेवटी, ग्लासमध्येच, कडेने सोडा. बरणीत सोडा घालू नका, दुसऱ्या फेरीपर्यंत तो मेलेला असतो. लिंबाच्या चवीचा गोड सोडा वापरायचा असेल तर पाक निम्मा करा.

चिमूटभर काळं मीठ? मला आवडतं. डाळिंबाबरोबर ते खुलतं. चाट मसाला मात्र नको, सगळं पाणीपुरीच्या दिशेने जातं. बरोबर खायला भाजके शेंगदाणे, पनीर, काकडी असं सौम्य काहीतरी ठेवा. नान-खलियाचा बेत असेल तर सँग्रिया आधी संपवा. त्या मसाल्यापुढे वाइनचा टिकाव लागत नाही.

हे किती चढतं, याचा हिशेब करून ठेवा, कारण पेय गोड लागतं आणि पाहुणे सरबतासारखं पितात. बाटलीवर १२ टक्के लिहिलं असेल तर ७५० मिलीमध्ये ९० मिली शुद्ध अल्कोहोल आहे. रस, पाक आणि सोडा धरून एकूण पेय होतं साधारण १,२७५ मिली, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या स्ट्राँग बियरचीच ही पातळी. सहा ग्लास केले तर प्रत्येकात १५ मिली अल्कोहोल, आणि तीन ग्लास म्हणजे ६५० मिलीची एक स्ट्राँग बाटली. 'वाइनच तर आहे' म्हणून तिसऱ्या ग्लासानंतर गाडीची किल्ली उचलणाऱ्या पाहुण्याला हा हिशेब ऐकवा आणि किल्ली ठेवून घ्या. खरं तर एका ग्लासानंतरही गाडी चालवायला नकोच. गरोदर बाईला हे अजिबात देऊ नका. पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू असतील तरी नाही. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण यात दारू आणि साखर दोन्ही आहेत.

घरात न पिणारे असतातच, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेलं कुणीतरीही असतं. त्यांच्यासाठी वेगळी बरणी, वेगळी पळी. काळ्या द्राक्षांचा रस, डाळिंब, मोसंबी, जास्त लिंबू आणि सोडा. दालचिनीचा पाक तोच, मात्र साखर निम्मी करा. रंग दोन्हींचा सारखाच दिसतो, त्यामुळे बरणीवर चिठ्ठी लावा.

फळं बदलायची असतील तर मे-जूनमध्ये केसर आंबा घ्या, पण मग वाइन पांढरी हवी. शेनिन ब्लाँ नावाची सहज मिळते. पिकलेल्या पण घट्ट आंब्याच्या फोडी तासभर मुरवा, पाक वगळा, लिंबू दीडपट करा. आमरस मात्र घालू नका, पेय घट्ट होतं आणि तळाला साका बसतो. पेरू पांढऱ्या वाइनमध्ये छान लागतो, बियांचा भाग काढून. बालाघाटाच्या सीताफळाचा कितीही अभिमान असला तरी ते इथे नको. त्याचा रवाळ गर वाइनमध्ये विरघळत नाही, नुसते गठ्ठे तरंगतात. ते बासुंदीत घाला.

उरलेली सँग्रिया गाळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा. मोसंबीच्या चकत्या आधी काढून टाका. तळाशी राहिलेली सफरचंदाची फोड दिसायला निरुपद्रवी असते, पण रात्रभर तिने वाइन प्यायलेली असते. ती फळं ओट्यावर उघडी ठेवू नका, सकाळी पोरं उठून आधी तिथेच हात घालतात.