मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी १९४० चा पिलबॉक्स असा बनवा

सगळ्यात आधी ठरवा की शत्रू कुठून येणार, कारण हे न ठरवता पिलबॉक्स (म्हणजे गोळीबाराच्या फटी ठेवलेली काँक्रीटची छोटी लष्करी चौकी) कुठंही ठेवला ना, की तो नुसता सिमेंटचा डबा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कहून ब्रिटिश फौज माघारी आली, त्यानंतर जर्मन कधीही उतरतील या धास्तीनं इंग्लंडात १९४० च्या उन्हाळ्यात असे हजारो पिलबॉक्स भराभर बांधले, त्यातली टॉन्टन स्टॉप लाईन, म्हणजे शत्रूला अडवायची संरक्षण-रेषा, तर बऱ्याच ठिकाणी रेल्वे आणि कालव्याला धरूनच जाते, म्हणजे आपल्या कामाचीच. ती पश्चिमेकडून येणाऱ्या फौजेला अडवायला होती, म्हणून दाराची बाजू शत्रूच्या उलट, पूर्वेला ठेवा.

मी पिलबॉक्सचा टाइप २४ हा नमुना बनवतो. सहा भिंती, मागची साधारण १४ फूट आणि तिच्या मधोमध दार, बाकीच्या पाच ७ ते ८ फुटांच्या. डबल-ओ (OO) या मॉडेल रेल्वेच्या स्केलला १ फूट म्हणजे ४ मिमी, तर मागची ५६ मिमी आणि बाकीच्या २८ ते ३२. आधी कार्डपेपरवर नकाशा काढून घ्या, मग कापा.

आता जाडी. खरी भिंत कमीत कमी १ फुटाची, म्हणजे आपल्याला ४ मिमी हवी, पातळ पुठ्ठ्याचं केलं की गोळीबाराच्या फटीतून लगेच पुठ्ठा दिसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. नागपुरात सीताबर्डीत आर्किटेक्चरची पोरं मॉडेलसाठी घेतात तो २ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) आणा, दोन थर चिकटवा, गोळीबाराच्या फटीसाठी बाहेरच्या थरात ८ बाय ४ मिमीचं भोक, आतल्यात ४ बाय २ चं. अशी पायरीपायरीची खाच पडते ना, बघतच राहावं वाटतं. छत बसवायच्या आधी आतून काळा रंग मारून घ्या, नंतर ब्रश जात नाही. आणि चिकटवलेलं गच्चीवर वाळवू नका, मे महिन्यात माझ्या सहाच्या सहा भिंती तासाभरात वाकल्या अन् सगळं परत कापावं लागलं. पंख्याखाली ठेवा, वर जाड पुस्तक.

काँक्रीट ओतताना लाकडी फळ्या लावत, त्यांच्या खुणा भिंतीवर राहायच्या. दाभणानं दर २ मिमीला आडवी रेघ ओढा, मधेमधे एखादी तोडा.

रंगात घाई नको. लेआउट १९४० चा असेल तर काँक्रीट नवंकोरं, फिकट, शेवाळ अजिबात नाही. आजचा असेल तर पावसाळ्यानंतर घराजवळच्या एखाद्या जुन्या कंपाऊंडच्या भिंतीपुढं जाऊन उभे राहा, पाणी ओघळतं तिथं काळे पट्टे, खाली बुडाशी हिरवं, अगदी तसंच करा.

रणगाडे अडवायचे ठोकळे पीओपीचे, २० मिमीचे, साच्याला आतून तेल लावून ओता, एका ओळीत मांडा. ही ओळ रूळ ओलांडते तिथं मात्र ठोकळा चालत नाही, गाडी जायची आहे ना! तिथं खरोखर जमिनीत खाचा करून ठेवत आणि वेळ आली की त्यात रुळाचे तुकडे उभे रोवत. म्हणून स्लीपरच्या मधे बारीक भोकं पाडा, जुन्या ट्रॅकचे पाच-सहा तुकडे गंजाच्या रंगात रंगवा (मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये जाऊन जुनं लोखंड एकदा जवळून बघून या, गंज नारिंगी कमी आणि चॉकलेटी जास्त असतो) आणि ते लाईनच्या कडेला रचून ठेवा, हात घातला की लगेच सापडतील असे.