गुडघेदुखीसाठी डॉक्टरांकडे जाताना: काय सांगायचं, काय विचारायचं, खर्च कसा समजून घ्यायचा

माझी आई दोन वर्षं ओट्याला धरून उठत होती. विचारलं की म्हणायची, "वंगण संपलं, वय झालं." डॉक्टरांकडे यायला तयार नव्हती, कारण मनात एकच धास्ती होती: गेलं की ऑपरेशन सांगतील आणि लाखांचा खर्च निघेल. ही धास्ती घरोघरी आहे. आईला घेऊन फिरताना जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते.

जाण्याआधी

एका कागदावर लिहून काढा. नेमकं कुठे दुखतं: आतल्या बाजूला, वाटीपाशी की मागे? जिना चढताना जास्त की उतरताना? सकाळी उठल्यावर गुडघा किती वेळ आखडलेला असतो? पाच-दहा मिनिटांत मोकळा होत असेल तर बहुतेक वेळा झीज असते. तासभर तसाच राहत असेल आणि हाताची बोटंही सुजत असतील, तर आमवाताची शंका येते. त्याची तपासणी आणि औषधं पूर्ण वेगळी असतात. चालू गोळ्या पिशवीतच घेऊन जा, मेडिकलमधून आपणच आणलेल्या वेदनाशामकांसकट. त्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर किडनी, बीपी आणि पोटावर परिणाम होतो, त्यामुळे हे लपवू नका.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना किंवा पोटरी अचानक सुजली, तर त्याच दिवशी दाखवा.

तपासणीत

आधी फॅमिली डॉक्टर, मग गरज पडली तर हाडांचे डॉक्टर. एक्स-रे उभं राहून काढायला सांगा. आईचा पहिला एक्स-रे झोपवून काढला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी तो पाहून परत पाठवलं. उभं राहिल्यावर गुडघ्यावर भार येतो आणि हाडांमधली फट किती उरली आहे ते खरं दिसतं. दोन्ही एक्स-रे शेजारी धरले तेव्हा तो फरक मलाही दिसला.

एका ठिकाणी तर एक्स-रेच्याही आधी एमआरआय लिहून दिला होता. पन्नाशीनंतरच्या साध्या झिजेत त्याची सहसा गरज नसते. अशा वेळी शांतपणे विचारा: "या तपासणीच्या रिपोर्टनं उपचार बदलणार आहे का?" हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

ऑपरेशनच्या आधीचे उपचार

इथे घाई करू नका. झीज झालेल्या बहुतेक गुडघ्यांना आधी व्यायाम, वजन कमी करणं आणि गरजेपुरती औषधं हाच उपचार असतो. एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. फिजिओथेरपिस्टने आईला शिकवलेला पहिला व्यायाम असा: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. दोन-तीन वेळा नीट शिकून घेतलं की घरी करायला पैसे लागत नाहीत. सहा आठवडे नेमाने केल्यावर आई ओट्याला न धरता उठली. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, पण झीज भरून येत नाही. कुणी महागडं इंजेक्शन सुचवलं तर आराम किती दिवस टिकेल आणि किती डोस लागतील ते आधी विचारा.

ऑपरेशन सांगितलं तर

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. मग खर्चाचा लेखी अंदाज मागा, एका गुडघ्याचा वेगळा. "पॅकेज" या एका शब्दावर थांबू नका. इम्प्लांट (गुडघ्यात बसवायचा कृत्रिम सांधा), सर्जनची फी, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), खोली, औषधं, फिजिओथेरपी असं सुटं सुटं लिहून मागा. पॅकेजच्या दिवसांपेक्षा मुक्काम वाढला तर काय दर लागेल, तेही लिहून घ्या. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.

इम्प्लांटच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या इम्प्लांटसाठी ती जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. पुढे आकड्यात बदल होत गेले, म्हणून सध्याची मर्यादा विचारून घ्या. बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी हवी, आणि खोक्यावरचं स्टिकर डिस्चार्जच्या फायलीत लावून घ्या.

विमा असेल तर दोन गोष्टी बघा. सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेला बऱ्याच पॉलिसींमध्ये दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तोवर विम्यातून हा खर्च मिळत नाही. दुसरी गोष्ट खोलीभाड्याची मर्यादा. चार हजारांची मर्यादा असताना आठ हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्याचा फरक भरून भागत नाही. अनेक पॉलिसींमध्ये सर्जनची फी, ओटी यांसारख्या खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होते.

विमा नसेल तर राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि कोणत्या रुग्णालयात होते, ते तो सांगेल. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथे तहसीलदारांच्या दाखल्यासारखा उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणून शक्यतो भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.